चालताना पोटरीला गोळा येतो, व्यायाम कोणता? – आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरून

सेक्रेटरी: उद्या सकाळी ९ ते ११ टाकी धुणार आहेत. पाणी भरून ठेवा.

नाना, ए-२०३: भरतो. जोडून एक विचारतो. मारुती मंदिराकडून चालत घरी येताना उजव्या पोटरीला गोळा येतो. औषधाच्या दुकानाशी आलो की हमखास. जरा थांबलो की जातो, चढावर परत येतो. रक्त पायापर्यंत पोचत नाही म्हणतात तसलं काही आहे का? व्यायाम सांगा कोणीतरी. व्हिडिओ नको, उघडत नाहीत.

बाळा, सी-१०१: फॉरवर्डेड. पायाच्या बंद नसा सात दिवसांत मोकळ्या! लसूण, लिंबू, आलं...

शालिनीकाकू, ए-१०१: नाना, खोबरेल कोमट करून खालून वर चोळा. आणि रात्री गरम पाण्यात पाय सोडून बसा. आमच्या ह्यांना गुण आला होता.

भाऊ, बी-००२: माका पण रातीचे गोळे येतत. बायल म्हणता पाणी कमी पितस.

विद्याताई, बी-३०१: नाना, तेलाआधी दोन प्रश्न. गोळा साधारण तेवढंच अंतर चालल्यावर येतो का? आणि तो जायला नुसतं उभं राहिलं तरी पुरतं, की बसावं, वाकावं लागतं?

नाना, ए-२०३: तेवढ्याच अंतरावर. उभं राहिलं की पुरे. त्या दुकानदाराला वाटतं मी रोज गोळ्यांचे भाव बघायला थांबतो.

विद्याताई, बी-३०१: मग पायाच्या धमनीत अडथळा असू शकतो. चालताना पोटरीला जास्त रक्त लागतं, अरुंद झालेल्या नळीतून तेवढं उतरत नाही, म्हणून स्नायू कळवळतो. थांबलं की मागणी कमी होते आणि कळ जाते. बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावरच बरं वाटत असतं, तर मी आधी कमरेच्या मणक्याबद्दल विचारलं असतं. वॉर्डात इतकी वर्षं काढली तरी नुसत्या मेसेजवरून निदान मी करणार नाही. दाखवायला मात्र जाच. घोट्याचं आणि दंडाचं बीपी मोजून घोट्याच्या आकड्याचा दंडाच्या आकड्याने भागाकार काढतात. ०.९ किंवा त्याखाली आला तर धमनीचा आजार धरतात. तुम्हाला डायबेटिस आहे, हेही सांगा. त्यात नळ्या कडक होऊन आकडा खोटा चांगला दिसू शकतो, मग अंगठ्याचं प्रेशर बघतात.

नाना, ए-२०३: म्हणजे चालणं बंद?

विद्याताई, बी-३०१: उलट. असं निदान झालं तर चालणं हाच पहिला व्यायाम. कळ सुरू झाली की लगेच थांबायचं नाही, बऱ्यापैकी वाढेपर्यंत चालायचं. मग उभं राहायचं किंवा बसायचं, पूर्ण गेली की पुन्हा निघायचं. असं थांबत थांबत ३० ते ४५ मिनिटं, आठवड्यातून निदान ३ दिवस, आणि निदान ३ महिने. फॉरवर्डमधल्या सात दिवसांत काही होत नाही, बाळा. नळीतला अडथळा चालून निघत नाही, पण आहे त्या रक्तात काम भागवायला स्नायू शिकतो आणि कळ येण्याआधीचं अंतर वाढतं. सुरू करण्यापूर्वी हृदय तपासून घ्या, पायाच्या नळ्या खराब असल्या तर छातीतल्याही असू शकतात. चालताना छातीत भरून आलं तर तिथेच थांबायचं.

बाळा, सी-१०१: मला आलं ते पुढे पाठवलं.

मंगेश, ए-३०२: नाना, सकाळी भाट्याच्या समुद्रावर या माझ्याबरोबर. थिबा पॉइंटचा चढ नको.

विद्याताई, बी-३०१: चांगलं. ओहोटीला ओल्या घट्ट वाळूवरून चाला, सुरूच्या झाडांकडच्या मऊ वाळूत पाय रुततो. आणि अनवाणी अजिबात नाही. डायबेटिसमध्ये शिंपला लागलेला कळत नाही आणि रक्त कमी असेल तर जखम भरत नाही. गरम पाणीही ह्याच कारणासाठी नको, काकू. पाय भाजतो आणि भाजल्याचं समजत नाही.

मंगेश, ए-३०२: पावसात काय करायचं? आपल्या जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ चढलं की धडधाकट माणूस घसरतो.

विद्याताई, बी-३०१: तेव्हा तळमजल्याच्या पार्किंगमध्ये फेऱ्या. पण मध्ये थांबायला बसायची जागा हवी. गेटजवळचा बाक गेला कुठे?

मंगेश, ए-३०२: बाकाच्या जागेवर कोणाची स्कूटर असते ते मी सांगत नाही.

सेक्रेटरी: बाक गच्चीवर आहे. रविवारी खाली आणतो.

शालिनीकाकू, ए-१०१: विद्या, माझं तसं दुखत नाही गं. पण संध्याकाळी दोन्ही घोटे सुजतात, मोज्याची खूण खोल उमटते. मीपण चालू का थांबत थांबत?

विद्याताई, बी-३०१: काकू, तुमची गोष्ट वेगळी. नानांकडे रक्त खाली उतरण्याची अडचण दिसते, तुमच्याकडे वर परतण्याची असू शकते. शिरांतलं रक्त वर ढकलायचं काम पोटरी करते, आकसली की पंपासारखं. आणि तुम्ही मालिका संपेपर्यंत पाय लोंबत ठेवून बसता! बसल्या बसल्या पावलं वर-खाली करा, दर अर्ध्या तासाला वीसेक वेळा. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचला, दहा वेळा, सावकाश. दुपारी आडवं झालात की पायाखाली दोन उशा. नानांनी मात्र उशा घेऊ नयेत, धमनी अरुंद असली तर पाय वर केल्यावर दुखणं वाढतं. घट्ट मोजेही तपासणीआधी त्यांना नकोत. भाऊ, रातीचे गोळे हा आणखी तिसराच प्रकार. झोपण्यापूर्वी भिंतीला हात टेकून, टाच जमिनीवर ठेवून पोटरी ताणा. गोळा आलाच तर पायाची बोटं अंगाकडे ओढा.

भाऊ, बी-००२: बरा. बायलेक दाखवतंय हा मेसेज.

शालिनीकाकू, ए-१०१: ह्यांची बीपीची गोळी संपली म्हणून मागे मला नवीन लिहून दिली, तेव्हापासून सूज जास्त वाटते.

विद्याताई, बी-३०१: म्हणजे ह्यांची गोळी तुम्ही घेता?

शालिनीकाकू, ए-१०१: नाही गं बाई. ह्यांची संपली म्हणून दोघं गेलो, तेव्हा माझंही बीपी वाढलेलं निघालं.

विद्याताई, बी-३०१: हुश्श. नाव अ‍ॅम्लोडिपिन असेल तर त्याने घोटे सुजू शकतात. मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, बदलून देतील. हृदय, किडनी ह्यांनीही सूज येते, तेही ते बघतील. सगळ्यांसाठी एक: एकच पाय अचानक सुजला, गरम लागला, दुखू लागला तर चोळू नका, व्यायामही नको. शिरेत गुठळी असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा, आणि दम लागला तर सरळ १०८. बसल्या जागी पाय दुखून रात्री झोप मोडत असेल, पाय खाली लोंबवल्यावरच बरं वाटत असेल, किंवा बोटाला न भरणारी जखम असेल, तरी व्यायामाच्या भानगडीत न पडता रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे.

मंगेश, ए-३०२: नाना, विडीचं काय ते पण विचारून घ्या ताईंना.

नाना, ए-२०३: तू माझा शेजारी की पोलीस?

विद्याताई, बी-३०१: नाना, विडी चालू ठेवून कितीही चाला, निम्मं पाण्यात. तंबाखूने नळ्या आवळतातही आणि आतून खराबही होतात. ह्यात तडजोड नाही.

शालिनीकाकू, ए-१०१: मिशरी त्यात धरत नाहीत ना? मी फक्त सकाळी लावते.

विद्याताई, बी-३०१: तंबाखू भाजूनच होते ती, काकू.

शालिनीकाकू, ए-१०१: आणि दुपारी थोडी.

विद्याताई, बी-३०१: उद्या टाकी धुऊन झाली की चहाला येते तुमच्याकडे.