फॉर्मवरचं नाव पुरत नाही

वर एकांनी लिहिलंय की इंग्लंडमध्ये रुग्णालयाच्या फॉर्मवर ‘नेक्स्ट ऑफ किन’ (जवळचा नातेवाईक) म्हणून नाव दिलं की मानसिक आरोग्य कायद्यातले अधिकारही मिळतात. तसं नाही. 1983च्या या कायद्यात ते अधिकार ‘निअरेस्ट रिलेटिव्ह’ला, म्हणजे कायद्याने ठरलेल्या सर्वात जवळच्या नातेवाइकाला असतात, आणि तो कोण हे कलम 26 ठरवतं: आधी नवरा-बायको, मग मुलं, आईवडील, भावंडं. एका पायरीवर दोघं असतील तर वयाने मोठा. मात्र रुग्ण ज्या नातेवाइकाकडे राहतो किंवा जो त्याचा सांभाळ करतो, तो सगळ्यांच्या वर जातो.

माझ्या मावशीच्या फॉर्मवर तिच्या थोरल्या मुलाचं नाव होतं. तो अमेरिकेत. रुग्ण ब्रिटनमध्ये राहत असेल तर बाहेर राहणारा नातेवाईक मोजतच नाहीत, म्हणून कायद्याने धाकटा ठरला. हे आम्हाला उशिरा कळलं, त्याचं अजून वाईट वाटतं.

कारण हा अधिकार मोठा आहे. कलम 3खाली उपचारासाठी सक्तीने दाखल करायला या व्यक्तीने हरकत घेतली, तर अर्ज पुढे जात नाही. मग हरकत अवाजवी आहे असं काउंटी कोर्टाला (दिवाणी न्यायालयाला) पटवून त्या नातेवाइकाला बाजूला करावं लागतं. डिस्चार्जही मागता येतो, 72 तासांची लेखी सूचना देऊन. धाकट्याने पत्रावर तारखेसोबत वेळ लिहिली आणि पोच घेतली. त्या मुदतीत डॉक्टरांनी ‘रुग्ण स्वतःला किंवा इतरांना धोकादायक ठरेल’ असा अहवाल दिला, तर डिस्चार्ज थांबतो आणि पुढचे सहा महिने पुन्हा मागता येत नाही. म्हणून घाईत पत्र देऊ नका, आधी वकिलाशी बोला.