मदत हवी आहे: डीबीएसनंतर सात वर्षांनी बाबांचा हात पुन्हा थरथरतोय

मुग्धा_के: बाबा ७१ वर्षांचे, इसेन्शियल ट्रेमर (काही करताना हात थरथरण्याचा आजार). डीबीएस (मेंदूत तार बसवून बॅटरीच्या यंत्राने करंट देण्याचं ऑपरेशन) होऊन सात वर्षं झाली. पहिली पाच वर्षं सुखाची गेली, कपबशीतून चहा प्यायचे, बँकेत सही जुळायची. आता आमटीचा चमचा तोंडाशी पोचेपर्यंत रिकामा होतो. डॉक्टर व्होल्टेज वाढवतात, आठवडाभर बरं, मग पुन्हा तेच. इतक्या वर्षांनी कुणाचं असं झालंय का? सोमवारी अपॉइंटमेंट आहे, लवकर सांगा.

सह्याद्री६२: एका बाजूला केलंय की दोन्ही? बॅटरी साधी की चार्जिंगची? साधी तीन ते पाच वर्षांत संपत येते. आईची संपली तेव्हा कंप एका रात्रीत परत आला होता.

मुग्धा_के: दोन्ही बाजू. बॅटरी दोन वर्षांपूर्वीच बदलली, म्हणून लिहिलं नाही.

अण्णा_नगरकर: मेंदूला भोकं पाडायचीच नव्हती. खाजकुयलीच्या बियांचं चूर्ण दुधातून द्या. आमच्या मेहुण्यांना गुण आला.

निशिगंध: अण्णा, मेहुण्यांना पार्किन्सन आहे का? खाजकुयलीत लेव्होडोपा असतं, ते पार्किन्सनला लागू पडतं. त्यात हात मांडीवर स्वस्थ असताना हलतो. मुग्धाच्या बाबांचा काही उचलताना हलतो. आजारच वेगळा.

अण्णा_नगरकर: पार्किन्सनच आहे. पण कंप तो कंप.

निशिगंध: नाही हो, अण्णा. मुग्धा, बाबांचं बोलणं कसं आहे? तोल जातो? रात्री यंत्र बंद ठेवता का?

मुग्धा_के: बोलणं वर्षभरात जड झालंय, फोनवर तर कळतच नाही. आम्ही वयावर घातलं. दोनदा अंगणात पडले, खांदा अजून दुखतो. यंत्र चोवीस तास चालू असतं, बंद करायचं कुणी सांगितलं नाही.

रानजाई: खांद्याला फिजिओकडे डायथर्मीचा (विजेच्या लहरींनी आतून तापवणारा) शेक घ्या, मला चार दिवसांत आराम पडला.

निशिगंध: अजिबात नको!! डीबीएस असलेल्याला डायथर्मी चालत नाही, तारेचं टोक तापून मेंदू भाजतो. फिजिओला आधीच सांगून ठेवा.
मुग्धा, बोलणं आणि पडणं हेच सोमवारी पहिल्यांदा सांगा. दोन्ही बाजूंचा करंट चढवत नेला की जीभ जड होते, चाल बिघडते. थॅलॅमसला (मेंदूतला तार बसवतात तो भाग) त्या करंटची सवयही होते आणि आजारही पुढे सरकतो. यातलं काय झालंय हे बघायला डॉक्टर यंत्र थोडा वेळ बंद करून कंप तपासतात. तारेवरचा दुसरा कॉन्टॅक्ट (करंट सोडणारी जागा) वापरता येईल का, तार जागेवर आहे का, हेही विचारा. रात्री बंद ठेवायचं का ते त्यांनाच ठरवू दे, घरी प्रयोग नको.

प्रवासी_एकटा: फोकस्ड अल्ट्रासाऊंड (ध्वनिलहरी मेंदूत एका जागी एकवटून करायचा उपचार) का नाही करत? कवटी उघडावी लागत नाही. अमेरिकेत २०१६ पासून मान्यता आहे.

सह्याद्री६२: त्यात पेशी कायमच्या जाळतात. डीबीएस निदान कमी-जास्त तरी करता येतं. आधीच बोलणं जड असलेल्या माणसाला हे सुचवू नका.

प्रवासी_एकटा: दुसऱ्या बाजूलाही २०२२ मध्ये मान्यता मिळालीय, वाचा जरा.

मुग्धा_के: भांडू नका, प्लीज. डॉक्टरांना फोन केला, सोमवारी बंद करून बघणार आहेत. ऑपरेशनआधी कंप किती आहे ते बघायला बाबांकडून चकलीसारखं वळण काढून घेतलं होतं, तो कागद फाईलमध्ये सापडला. सोबत नेतेय.