बर्लिनचा कार्निव्हल आणि आमची सायकल फेरी

खडेबाजारकर: आपल्याच गावच्या, सध्या बर्लिनला असलेल्या एका ताईंनी परवा लिहिलं, ‘पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या सुट्टीत इथं संस्कृतींचा कार्निव्हल असतो, चार दिवस क्रॉइत्सबर्गच्या रस्त्यांवर जगभरचे लोक नाचतात, कोण कुठल्या भाषेचा कुणी विचारत नाही. बेळगावकरांनी शिकावं.’ डोकंच फिरलं. ताई, तिथं तुम्ही पाहुण्या. नाचायचं, फोटो काढायचे, घरी जायचं. इथं माझ्या वडिलांना स्वतःच्या शेताचा उतारा कानडीत मिळतो म्हणून शेजारच्या पोराकडून वाचून घ्यावा लागतो. बेळगाव महाराष्ट्राला दिलं नाही म्हणून १९५६ पासून तिसरी पिढी १ नोव्हेंबरला काळ्या दिवसाच्या निषेध फेरीत आहे. महाराष्ट्राचा २००४ चा सीमाप्रश्नाचा दावा सुप्रीम कोर्टात पडून. आणि आम्ही काय, सांबा शिकायचा?

बर्लिनवासी: पाहुणी? नऊ वर्षं कर भरतेय इथं. आणि तो कार्निव्हल १९९६ ला सुरू झाला तोच मुळी परक्यांचा द्वेष वाढत होता म्हणून. सगळं गोडीगुलाबीनं चाललं होतं म्हणून नाही. मिरवणूक बघताना शेजारी धारवाडची एक बाई उभी होती. कानडीत काहीतरी विचारलं तिनं, मी कानडीतच उत्तर दिलं. बेळगावात असताना हट्टानं कधी तोंडातून काढली नव्हती. तिनं पिशवीतून कुंदा काढून हातावर ठेवला.

निपाणीकर: धारवाडची बाई आणि कुंदा? पेढा असणार.

बर्लिनवासी: कुंदाच. डब्यावर बेळगाव लिहिलेलं.

शहापूरची सून: डब्यातला असला तर साखरेचा गोळा. आमच्या सासूबाई दूध आटवायला बसल्या की दुपार जायची. मधेच दही घालायचं, ते फुटतं, रवा धरतं, मग साखर, मग बदामी रंग येईपर्यंत हात थांबवायचा नाही. एकदा फोन घ्यायला उठले तर तळाला लागला. वर्षभर ऐकवलं.

निपाणीकर: कुंदा बस स्टँडवरच्या गिऱ्हाइकांसाठी. बेळगावचे म्हणजे मांडे. उलट्या कढईवर टाकायचा, गरम असतानाच घडी. गार झाला की तुटलाच.

शहापूरची सून: किती केलेत आयुष्यात?

निपाणीकर: खाल्लेत की!

खडेबाजारकर: अहो, उताऱ्याचं चाललंय, मिठाईचं काय काढलंय?

घरी कानडी: मिठाईवर तरी एकमत होऊ द्या की. आमच्या घरी कानडी बोलतात, मराठी गल्लीत शिकलो. वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथावर माझा थोरला भाऊ मावळा झाला होता, मिशी काजळाची. बर्लिनहून शिकायची गरज नाही हे तुमचं बरोबर. खरं त्याच १ नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाला आमचा डॉल्बी वाजला की तुम्हाला त्रास, आणि तुमची फेरी निघाली की आम्ही गप्प बसायचं.

खडेबाजारकर: फेरीत डॉल्बी नसतो. मूक सायकल फेरी असते, माहिती नसेल तर बोलू नये.

घरी कानडी: मूक? मग घोषणा कोण देतंय, सायकली?

खडेबाजारकर: हसा. साठ-सत्तर वर्षं हसायलाच लागलाय तुम्ही.

बर्लिनवासी: ‘शिकावं’ हा शब्द चुकला, मागे घेते. बाकी एक अक्षर घेणार नाही.

खडेबाजारकर: उपकार झाले. आणि मिशीचा मावळा, तेही मान्य. खरं उताऱ्याचं काय?

घरी कानडी: घेऊन या घरी. वाचून दाखवतो, चहा पण पाजतो.

खडेबाजारकर: वाचून नको. मराठीत पाहिजे.