डोक्यातलं धुकं: मन खंबीर करायचं की आधी रक्त तपासायचं?

थ्रीबी_बाई (कोथरूड)
गेल्या वीस तारखेला जीएसटीची थ्री-बी भरताना एकाच क्लायंटचं रिटर्न मी सात वेळा उघडलं. आकडे तेच, बेरीज तीच. तरी सबमिटवर बोट जाईना. शेवटी शेजारच्या ज्युनियर मुलीला म्हटलं, तू दाब. हेच काम पंधरा वर्षं करतेय मी.

घरी वेगळीच तऱ्हा. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता हरवतात. परवा 'किसणी' शब्द आठवेना. मुलाला म्हणाले, ते गाजराचं दे. डेक्कनला निघालं की कर्वे पुतळ्यापाशी गाडी वळवायची, गॅस बंद केलाय का बघायला. केलेलाच असतो.

ज्याला सांगावं तो म्हणतो, मन खंबीर कर, टेकडीवर जात जा. दोन महिने जाऊन पाहिलं. नुसती धाप लागायची. मग थायरॉइडसोबत बी-१२ तपासलं, ते निघालं १३८. लॅबच्या कागदावर खालची मर्यादा २०० च्या आसपास. घरात अंडंसुद्धा नाही, त्यात मला दूध पचत नाही, मग बी-१२ येणार कुठून? इंजेक्शनं सुरू झालीत.

माझं मत: 'तुझ्यात आत्मविश्वास नाही' असं रक्ताचा रिपोर्ट बघितल्याशिवाय कुणाला म्हणू नये. सासूबाईंना विसरभोळ्या म्हणून आम्ही वर्षानुवर्षं हसलो. त्यांचा थायरॉइड साठीत सापडला. असहमत असाल तर कारणासकट लिहा.

टेकडीवाला
कारणासकट असहमत. आमच्या सोसायटीत ज्याला विचारावं त्याचं बी-१२ कमीच. ते सगळे काही गॅस बघायला परत येत नाहीत.

शंका येणं हा आजार कधीपासून झाला? वडील बँकेत होते. लेजरमधल्या प्रत्येक आकड्यासमोर पेन्सिलीनं बारीक टिक करायचे. टिक झाली की तो आकडा संपला, परत बघायचं नाही. घराला कुलूप लावलं की एकदाच ओढून बघायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "लागलं." आम्ही पोरं हसायचो. शंका त्यांनाही यायची, पण तिला एका टिकेएवढीच जागा होती. तुम्ही सात वेळा उघडलंत आणि खूण एकदाही केली नाहीत. हा रक्ताचा नाही, सवयीचा प्रश्न.

आणि टेकडीला नावं ठेवू नका. (फोनवर शेअर बाजार बोलत चढणाऱ्यांचं सोडा.)

थ्रीबी_बाई
धाप लागलेल्या बाईला 'अजून चाल' म्हणायचं, ही सवय कुणाची?

खुर्ची_१७
माफ करा, पण तुम्ही दोघंही पोट भरलेल्या माणसांसारखं बोलताय. मी नव्या पेठेत अभ्यासिकेत बसतो, एमपीएससीचं चौथं वर्ष. दुपारी तीनला पान उलटतो आणि मागच्या पानावर काय होतं ते सगळं गायब.

मेसवर जो तो 'इम्पोस्टर सिंड्रोम' म्हणतो, व्हिडिओत ऐकलेलं. क्लान्स आणि आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये ती कल्पना मांडली ती यशस्वी बायकांवरून: पदव्या, पदं हातात असूनही 'आपण लायक नाही, एक दिवस उघडे पडू' असं वाटणाऱ्या. ताईंना ते लागू पडेल. माझ्या हातात काय आहे? जागा शेकड्यांत, अर्ज लाखांत. माझी शंका हा गैरसमज नाही, हिशोब आहे. अशा माणसाला 'स्वतःवर विश्वास ठेव' सांगणं म्हणजे क्लासवाल्यांची जाहिरात.

मला विश्वास नको होता, तारीख हवी होती: कुठल्या दिवशी थांबायचं. यंदा ती वहीत लिहून टाकली. त्या रात्री सात तास झोपलो. एरवी पाच.

दवाखान्यातून
जनरल प्रॅक्टिस करतो. बी-१२, थायरॉइड, हिमोग्लोबिन, झोपेत श्वास अडकणं, पाळी जाण्याचा काळ, कोविडनंतरचे महिने, या सगळ्यांत असं धुकं येतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असली तरी बी-१२ घसरू शकतं. केमिस्टकडून आपल्या मनानं गोळ्या मात्र आणू नका. नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर रक्त सुधारलेलं दिसतं आणि बी-१२ अभावी नसांचं नुकसान आत चालूच राहतं.

पण बाई, डिप्रेशनमध्येही अगदी असंच होतं आणि ते कुठल्याच लॅबच्या कागदावर छापून येत नाही. पुन्हा पुन्हा तपासण्यात दिवसाचा तासाहून जास्त वेळ जात असेल तर ओसीडी (तीच शंका, तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा मनाचा आजार) नाही ना, हे मानसोपचारतज्ज्ञाला विचारा. जायला संकोच वाटत असेल तर १४४१६ वर फोन करा, टेलि-मानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. खुर्ची १७, तुम्हीही. आणि पाच तास झोपल्यावर दुपारी तीनचं पान कोरंच दिसणार.

टेकडीवाला
डॉक्टर, रोज तासाहून कमी पण जन्मभर तपासत असेल तर त्याला काय म्हणायचं? आमच्याकडे सदाशिव पेठ म्हणतात.

थ्रीबी_बाई (तीन महिन्यांनी)
धागा वर काढतेय. बी-१२ आता ४१०. किसणीला किसणी म्हणते, टेकडीवर धाप लागत नाही. 'बघा, माझंच खरं' असं लिहायला आले होते. पण गाडी कर्वे पुतळ्यापाशी अजून वळते. शब्द परत आले, शंका मात्र गेली नाही. म्हणजे ती आधीचीच होती. पहिल्या नोकरीत एका शून्यावरून सगळ्या ऑफिससमोर बोलणी खाल्ली होती, बहुधा तेव्हाची.

म्हणून गुपचूप टेकडीवाल्यांच्या वडिलांची पेन्सिल उचलली. प्रिंट काढते, आकड्यासमोर टिक करते. गॅसचं बटण फिरवताना मोठ्यानं म्हणते, "बंद!" आतून मुलगा ओरडतो, "ऐकलं!"

या वीस तारखेला थ्री-बी मीच सबमिट केली. चार वेळा उघडून.

टेकडीवाला
चार जास्त होतात. टिक केल्यावर उघडायचंच नाही.