रेंजवर सरळ, कोर्सवर उजवीकडे: प्री-शॉट रुटीन (गोल्फच्या फटक्याआधीची ठरलेली तयारी) कसं बसवायचं?

शनिवारचा_गोल्फर
हँडिकॅप (कौशल्य दाखवणारा आकडा, कमी तितका चांगला) १८, उजव्या हाताने खेळतो. रेंजवर (सरावाच्या मैदानावर) ७ आयर्न या क्लबने (मारायच्या काठीने) बॉल १५० यार्ड सरळ जातो. कोर्सवर तोच क्लब घेतला की बॉल उजवीकडे जातो, नाहीतर एकदम डावीकडे ओढला जातो. कॅडी (क्लब उचलणारा मदतनीस) म्हणतो, "साहेब, तुम्ही उजवीकडे तोंड करून उभे राहताय." मला तर सगळं सरळच दिसतं. रुटीनमध्ये नेमकं काय, कोणत्या क्रमाने करायचं? आणि कॅडीने मागे उभं राहून लाइन दाखवली तर स्पर्धेत चालतं का?

जुना_आयर्न
कॅडी बरोबर सांगतोय. रेंजवर मॅटच्या कडा सरळ असतात, पाय आपोआप त्यांना समांतर पडतात. कोर्सवर ती कड नसते. उलट टी मार्कर (पहिल्या फटक्याची जागा दाखवणाऱ्या खुणा) पुष्कळदा भलतीकडेच रोखलेले असतात आणि पाय त्यांच्या मागे जातात.

दुसरं कारण जास्त मुरलेलं आहे. बहुतेक जण पायांची रेष झेंड्यावर रोखतात. झेंड्यावर रोखायचा तो क्लबफेस (क्लबचा बॉलला लागणारा सपाट भाग). पाय, कंबर, खांदे त्या रेषेला समांतर, म्हणजे झेंड्याच्या किंचित डावीकडे. रेल्वेचे दोन रूळ समजा, बाहेरच्या रुळावर बॉल, आतल्यावर तुम्ही. पाय झेंड्यावर रोखले की अंग उजवीकडे वळतं, तसाच फटका बसला तर पुश (बॉल सरळ उजवीकडे). मेंदूला ते जाणवलं की हात बाहेरून आत ओढतात, मग पुल (बॉल सरळ डावीकडे). दोन्हीचं मूळ एकच, म्हणून आधी स्विंग बदलायला जाऊ नका.

क्रम असा ठेवा. बॉलच्या मागे दोन-तीन मीटरवर उभं राहून क्लब आणि टार्गेट ठरवा. टार्गेट बारीक हवं, "फेअरवे" (कापलेल्या गवताचा पट्टा) नव्हे तर मागच्या झाडाची एखादी फांदी. त्या रेषेवर बॉलच्या थोडं पुढे एक खूण निवडा: जुना डिव्हॉट (फटक्याने उखडलेलं गवत), पान, तुटकी टी (बॉल ठेवायची खुंटी). महान अमेरिकन गोल्फर जॅक निकलॉस हेच करायचे. ग्रिप मागेच घ्या. मग बाजूने चालत येऊन पहिल्यांदा क्लबफेस त्या खुणेच्या रेषेला काटकोनात ठेवा, पाय त्यानंतर. आधी पाय रोवून मग फेस फिरवला की सगळी मेहनत वाया, कारण बॉल कोणत्या दिशेने सुटणार हे मुख्यतः फेसच ठरवतो. टार्गेटकडे दोनदा बघा, डोकं फिरवून, खांदे न उघडता. दुसऱ्यांदा नजर बॉलवर आली की मारा, तिथे रेंगाळलात की हात आखडतात.

फेअरवे_२७
वरच्या उत्तरात खूण किती पुढे ते राहिलं. बरेच जण अगदी बॉलजवळ, ३० सेंमीवर घेतात. तिथे १ सेंमी चूक झाली तर जवळपास २ अंशांचा फरक पडतो, म्हणजे १५० यार्डांवर ५ यार्ड. तीच खूण १ मीटरवर असेल तर तेवढ्याच चुकीला दीड यार्ड. बॉलपाशी फटक्याच्या तयारीत उभं असताना मान न उचलता दिसेल तितकी लांब घ्या.

सरावात एक क्लब बॉलच्या पलीकडे टार्गेटच्या रेषेत आणि दुसरा पायांशी ठेवा. पायांचा क्लब बोटांना टेकवून तपासू नका. डावं पाऊल बाहेर वळलेलं असेल तर तो चुकीची रेष दाखवतो; टाचा बघा. खांदे वेगळे तपासा, कारण ग्रिपवर उजवा हात खाली असतो आणि तो वरून ताणून घेतला की पाय बरोबर असूनही खांदे उघडतात. बॉल फार पुढे ठेवला तरी हेच होतं. आणि सलग एकाच दिशेला बादली रिकामी करू नका. दर बॉलला मागे जा, टार्गेट बदला, मॅटला मुद्दाम तिरकं उभं राहा.

नियमावली
कॅडीचं: २०१९ पासून नियम १०.२ब प्रमाणे तुम्ही स्टान्स (फटक्यासाठी उभं राहायची स्थिती) घ्यायला सुरुवात केल्यापासून फटका होईपर्यंत कॅडी मुद्दाम बॉलमागे लाइनच्या सरळ रेषेत उभा राहू शकत नाही. त्याआधी मागे उभं राहून टार्गेट दाखवायला हरकत नाही. तो मागे असताना स्टान्स घेतलाच, तर फटक्याआधी बाजूला व्हा, त्याला हलवा, मग नव्याने उभे राहा, दंड नाही.

क्लब किंवा काठी जमिनीवर ठेवून पाय जुळवले तर मात्र सुटका नाही. स्टान्स घेतल्यावर ती उचलली तरी स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजतात) २ स्ट्रोक दंड, मॅच प्लेमध्ये (होलनिहाय सामना) ते होल गेलं. पडलेलं पान, डिव्हॉट नुसतं नजरेने वापरलं तर चालतं. रुटीन लांबवू नका, नियम ५.६ब मध्ये फटक्याला ४० सेकंदांहून जास्त घेऊ नये अशी शिफारस आहे. क्लबची निवड आधीचा खेळाडू खेळत असतानाच उरकली तर पुरेसा वेळ मिळतो.

शनिवारचा_गोल्फर
फेस आधी, पाय नंतर, हे उलटंच चाललं होतं. पटिंगला (होलजवळ बॉल घरंगळवताना) हाच क्रम?

फेअरवे_२७
हो, आधी पटरचा फेस. तिथे चूक लगेच दिसते: १० फुटांच्या पटवर १ अंश म्हणजे २ इंच, आणि होलचा व्यास ४.२५ इंच. बॉलवर रेष काढलेली चालते. बॉलची जागा मार्क करून, तो उचलून ती रेष मागून बसवा. वर उभं राहिल्यावर ती पुष्कळांना वाकडी दिसते, तरी मागून पाहिलेलंच धरा. दर वेळी शंका येत असेल तर रेष खाली फिरवून ठेवा आणि खुणेवरच पट करा.