शस्त्रसज्जतेने युद्ध टळतं की ओढवतं? जाणकारांची मदत हवी आहे

आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय मी स्वतःच वाचून शिकते आहे. सत्तासमतोल, सार्वभौमत्व, लष्करी आघाड्या इथपर्यंत अडलं नाही. पण सिक्युरिटी डायलेमा आणि डिटरन्स या दोन कल्पना शेजारी ठेवल्या की पुढे सरकता येत नाही.

पहिली म्हणते, राष्ट्रांच्या डोक्यावर कुठलंच सरकार नाही, त्यामुळे ज्याचं रक्षण त्यानेच करायचं. एकाने बचावासाठी शस्त्रं वाढवली की दुसऱ्याला ती आपल्यावरच रोखलेली वाटतात. मग तोही वाढवतो, आणि दोघांनाही नको असलेलं युद्ध होऊन बसतं. दुसरी म्हणते, पुरेसं बळ बाळगा, ते वापरायची तयारी समोरच्याला पटवून द्या, म्हणजे तो वाटेला जाणार नाही.

1938 मध्ये म्युनिकला ब्रिटन-फ्रान्सने चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटनलँड हा भाग हिटलरला देऊन शांतता विकत घेतली, तर मार्च 1939 मध्ये जर्मन सैन्य प्रागमध्ये होतं. हे वाचलं की डिटरन्स पटतं. पण पहिल्या महायुद्धाआधीचं जर्मन आरमार बघा. अ‍ॅडमिरल टिरपिट्झचा हिशोब डिटरन्सचाच होता: आरमार इतकं मोठं करायचं की त्याच्याशी झुंजताना ब्रिटनचं सागरी वर्चस्वच धोक्यात यावं, म्हणजे ब्रिटन लढायला धजणार नाही. 1898 आणि 1900 मध्ये त्यासाठी कायदे झाले. ब्रिटन धजलं नाही असं मात्र झालं नाही. 1904 मध्ये त्याने फ्रान्सशी, 1907 मध्ये रशियाशी जुनी भांडणं मिटवली आणि मधल्या काळात, 1906 ला, ड्रेडनॉट ही युद्धनौका ताफ्यात आणली. निम्म्याहून जास्त धान्य समुद्रावरून आणणाऱ्या देशाला ते आरमार म्हणजे गळ्याला फास वाटलं, यात नवल नाही. म्हणजे बर्लिनला जो धाक वाटत होता, तोच लंडनला हल्ल्याची तयारी वाटला.

माझा प्रश्न असा: पुढे काय झालं हे माहीत नसताना, त्या क्षणी निर्णय घेणाऱ्याने आपण 1938 मध्ये आहोत की 1914 मध्ये, हे ओळखायचं कसं? कृपया नुसत्या व्याख्या देऊ नका, त्या वाचून झाल्या आहेत.

प्रतिसाद १

आंतरराष्ट्रीय राजकारणाचे अमेरिकी अभ्यासक रॉबर्ट जर्व्हिस यांनी 1978 च्या एका लेखात याच ठिकाणी बोट ठेवलं आहे. त्यांच्या मते दोन गोष्टी तपासाव्यात. त्या काळच्या तंत्रात चढाई सोपी आहे की बचाव? आणि शस्त्र पाहून ते बचावाचं की चढाईचं हे कळतं का? चढाई सोपी आणि शस्त्रांवरून हेतू कळत नाही, अशी स्थिती सर्वांत वाईट, कारण तिथे पहिला वार करणाऱ्याचाच फायदा असतो.

1914 मध्ये सेनानींना चढाईच जिंकून देईल असं वाटत होतं. रशियाची जमवाजमव पूर्ण होण्याआधी फ्रान्सला लोळवायचं, या वेळापत्रकावर जर्मनीची सगळी योजना उभी होती. प्रत्यक्षात मशीनगन आणि खंदकांनी बचावालाच बळ दिलं. तेव्हा वस्तुस्थितीइतकाच लोकांचा समजही महत्त्वाचा.

अण्वस्त्रांनी तर हे सगळं उलटं केलं. क्षेपणास्त्रं हवेतच पाडणारी यंत्रणा ऐकायला शुद्ध बचावाची वाटते, पण ती असलेला देश आधी हल्ला करून उरलेला प्रतिहल्ला झेलू शकतो. म्हणून 1972 च्या करारात अमेरिका आणि सोव्हिएत संघाने ढालींवरच मर्यादा घातली! तलवारीपेक्षा ढालीची भीती जास्त, हे समजलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

प्रतिसाद २

वरचं पटलं, पण हेतू विसरू नका. दोघांनाही आहे ते टिकवायचं असेल तरच सिक्युरिटी डायलेमा म्हणता येईल. हिटलरला प्रदेश हवा होता, तो घाबरून शस्त्रं जमवत नव्हता. तिथे आश्वासन देऊन भूक वाढली.

आणि डिटरन्स म्हणजे नुसती धमकी नाही. 'पुढे आलास तर मारीन' याच्या जोडीला 'थांबलास तर हात लावणार नाही' हेही समोरच्याला पटावं लागतं. सोव्हिएत संघाने क्यूबात क्षेपणास्त्रं नेल्यावरचा 1962 चा पेच बघा. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी क्यूबाची नाकेबंदी केली, पण क्यूबावर स्वारी न करण्याचं जाहीर वचनही दिलं आणि तुर्कस्तानातली अमेरिकेची ज्युपिटर क्षेपणास्त्रं काढायचं गुपचूप मान्य केलं. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांना मागे फिरायला वाट मिळाली. ती वाट नसती तर ते थांबले असते असं मला वाटत नाही.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार, ढालीचा मुद्दा कधी डोक्यातच आला नव्हता. आश्वासनाच्या मुद्द्यावरून एक उपप्रश्न. फेब्रुवारी 1912 मध्ये ब्रिटिश मंत्री हाल्डेन आरमाराची स्पर्धा आवरायला बर्लिनला गेले होते. जर्मनीने त्या बदल्यात युरोपातल्या युद्धात ब्रिटनने तटस्थ राहण्याची हमी मागितली, आणि बोलणी फिसकटली. ती हमी म्हणजे घाबरलेल्या देशाने मागितलेलं आश्वासन होतं, की फ्रान्सला एकटं पाडायचा डाव? दोन्ही अर्थ लावता येतात, आणि लंडनने दुसरा लावला. यावर कोणी सविस्तर लिहील का?