मदत हवी आहे : कोपरं मागे वळणाऱ्या मुलीला दोरीचा मल्लखांब कसा शिकवावा?

मंडळी, मी आमच्या गावात शाळेच्या मैदानावर मुलींना दोरीचा मल्लखांब शिकवते. त्यातल्या एका दहा वर्षांच्या मुलीबद्दल इथल्या फिजिओथेरपिस्टना आणि जुन्या प्रशिक्षकांना विचारायचं आहे.

तिने हात ताठ केला की कोपर सरळ रेषेत थांबत नाही, उलट्या बाजूला बाक येतो. गुडघ्यांचंही तसंच. दोन्ही अंगठे वळवून हाताला आतून टेकतात, गुडघे न वाकवता तळहात जमिनीवर पूर्ण बसतात. बायटन स्कोअरच्या (सांधे किती लवचिक आहेत ते मोजायच्या) तक्त्यात 9 पैकी 7 गुण झाले. कोपर आणि गुडघा 10 अंशांहून जास्त मागे गेला तरच त्यात गुण धरतात, म्हणून फोटो काढून कोनमापकाने मोजलं. दुखत काहीच नाही. घरचे कौतुकाने पाहुण्यांपुढे करून दाखवायला लावतात, ते मात्र मला बघवत नाही.

हातावर उभी राहिली की ती कोपरं पार मागे नेऊन अडकवते. त्या वेळी दंडाचा मागचा स्नायू चाचपला तर सैल लागतो. म्हणजे सगळं वजन हाडांवर आणि कोपराच्या पुढच्या बाजूच्या लिगामेंटवर. लिगामेंट हा हाडाला हाड बांधणारा, कोलॅजन या चिवट प्रथिनाचा पट्टा, तो स्नायूसारखा आकुंचन पावत नाही. सांधा आवळून धरायचा तर स्नायूनेच. पण स्नायूचा जोर मधल्या लांबीत सर्वांत जास्त असतो, कारण तेव्हा स्नायूतले ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे तंतू एकमेकांवर पुरेसे चढलेले असतात. फार ताणला की त्यांची पकड कमी होते. तिचा सांधा जिथे जाऊन थांबतो, नेमका तिथेच त्याला आवरणारा स्नायू कमजोर पडणार, असं मला वाटतं. हे बरोबर आहे का?

खांद्याची भीती त्याहून जास्त. खोबणी उथळ, दंडाच्या हाडाचा गोळा मोठा, एका वेळी त्याचा पाव ते तिसरा हिस्साच खोबणीला लागलेला. बाकी आधार रोटेटर कफचा, म्हणजे खांद्याभोवतीच्या चार स्नायूंचा. ही मुलगी दोरीला लोंबकळताना खांदे कानापर्यंत सैल सोडते.

तिला थांबवायची माझी इच्छा नाही, फार मनापासून करते ती. पण आसनांच्या वेळी तिला इतरांसारखं ताणायला लावू का? आणि डॉक्टरांकडे आत्ताच न्यावं का?

प्रतिसाद (फिजिओथेरपिस्ट) :
ताई, तुमचं निरीक्षण बरोबर आहे. लहान मुलांचे, त्यातही मुलींचे सांधे मोठ्यांपेक्षा लवचिक असतातच, त्यामुळे नुसत्या गुणांवरून घाबरू नका. तरी एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवा. सांधा निखळणं, सहज काळंनिळं पडणं, कातडी फार ताणली जाणं, असं तिला किंवा घरात कुणाला आहे का ते आधी विचारा. असेल तर उशीर नको.

ताणाचे व्यायाम तिला नकोत, सांध्यांचा पल्ला आहेच. आधी ओणवं होऊन हातांवर भार, कोपर अगदी किंचित वाकलेलं, आणि तसंच धरून ठेवायचं. अशा मुलांना सांधा नेमका कुठे आहे ही जाणीव अनेकदा कमी असते, ‘सरळ ठेव’ म्हटलं की त्या अडकवूनच ठेवतात. म्हणून आरसा लावा. लोंबकळताना खांदे कानांपासून खाली ओढून धरता येईपर्यंत पाय जमिनीला टेकलेलेच असू द्या. आणि घरच्यांना सांगा, पाहुण्यांपुढचा कार्यक्रम बंद.

धागाकर्ती :
मनापासून आभार. आरसा शाळेतून मिळेल. एक राहिलंच : ती दोरी पायाच्या बोटांत धरून चढते तेव्हा गुडघेही मागे जातात. तिथेही थोडा वाक ठेवायला सांगू, की चढणंच काही दिवस थांबवू?